वाळूवर लिहिलेला वास

रात्री खिडकीच्या काचेवर बाहेरून पाल चिकटलेली दिसली की आपण पडदा ओढून मोकळे होतो. पुढच्या वेळी एक मिनिट थांबून बघा. आतून ट्यूबचा उजेड पडलेला असतो आणि पालीची पोटाकडची बाजू आयतीच आपल्याकडे असते. नर असेल तर मागच्या मांड्यांच्या आतल्या अंगाला बारीक ठिपक्यांची एक ओळ दिसेल, शिवणयंत्रावर टीप मारल्यासारखी. ते ठिपके म्हणजे भोकं आहेत. प्रत्येक भोकाच्या आत एक ग्रंथी असते आणि तिच्यातून मेणासारखा पदार्थ हळूहळू बाहेर येत असतो. बागेत कुंपणावर माना हलवत बसणाऱ्या आपल्या नेहमीच्या सरड्याला ही भोकं नसतात. पण पालीला असतात, कच्छ-राजस्थानच्या सांड्याला असतात, आणि जगभरच्या वाळवंटांतल्या कितीतरी सरड्यांना असतात.

आजची गोष्ट या भोकांची. खरं म्हणजे भोकांपेक्षा ती बघणाऱ्या माणसांची. शंभर-दीडशे वर्षं भली भली माणसं ही भोकं मोजत होती, आणि ती कशासाठी आहेत हे विचारायला मात्र फार उशीर लागला. का लागला, हा मला पडलेला प्रश्न.

"हे विषय तुला सुचतात तरी कुठून?" असं आत्या फोनवर विचारणार, म्हणून आधीच सांगून टाकते. २०२१ साली करोना झाला तेव्हा माझा वास गेला होता, हे घरच्यांना माहीत आहेच. जवळजवळ चार महिने गेला होता. दूध करपलं तरी धूर दिसेपर्यंत पत्ता नाही. पहिला पाऊस आला, सगळे म्हणाले काय मातीचा वास सुटलाय, मी आपली मान डोलावली. एकदा आईचं साड्यांचं कपाट उघडून आत डोकं घालून उभी राहिले. काही नाही. कापड, एवढंच. त्या दिवसांत कळलं की वास म्हणजे सुवास आणि दुर्गंध एवढंच प्रकरण नाही. कोण इथे होतं, कोण आत्ताच गेलं, हे घर कुणाचं, हे सगळं आपण नाकाने वाचत असतो आणि वाचतोय हे आपल्याला कळतही नसतं. मग वासाबद्दल हाताला लागेल ते वाचत सुटले. नाक परत आलं, वाचायची खोड राहिली. त्या वाचनात एका वाटेवर हे सरडे भेटले.

तर सुरुवात मोजण्यापासून.

१८२७ साली लंडनमध्ये जॉन एडवर्ड ग्रे या प्राणिशास्त्रज्ञाने आपल्या सांड्याला शास्त्रीय नाव दिलं. नाव दिलं ते टॉमस हार्डविक यांच्यावरून. हार्डविक हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी. नोकरीच्या काळात त्यांनी इथल्या चित्रकारांकडून हिंदुस्थानातल्या प्राण्यांची चित्रं काढून घेतली होती, त्यांचा मोठा संग्रह पुढे ग्रे यांच्या कामी आला. सांडा हा जाडजूड, मातकट रंगाचा, काटेरी शेपटीचा शाकाहारी प्राणी. वाळवंटात बीळ करून राहतो, थंडीत बिळाचं तोंड मातीने लिंपून आत झोपून जातो. पण त्याला वर्णन करणारी माणसं बहुतेक वेळा बघत होती ती स्पिरिटच्या बाटलीत घातलेला सांडा. उन्हात धावणारा सांडा वेगळा आणि बाटलीतला वेगळा, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

पॅरिसमध्ये १८३४ पासून द्युमेरिल आणि बिब्रों या जोडीने सरपटणाऱ्या प्राण्यांचा एक प्रचंड ग्रंथ खंडाखंडाने काढायला घेतला. त्यात मांडीवरची ही भोकं आहेत की नाहीत, हे प्राणी ओळखण्याचं एक लक्षण म्हणून वापरलं आहे. मग जन्माने बेल्जियन असलेले जॉर्ज बूलांजे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आले आणि त्यांनी १८८५ ते १८८७ या काळात तिथल्या सगळ्या सरड्या-पालींची तीन खंडांची सूची केली. त्यातही तेच: अंगावर खवले असे, शेपूट अशी, मांडीवर भोकं इतकी. माल्कम स्मिथ हे सयामच्या राजदरबारात डॉक्टर असलेले गृहस्थ. त्यांनी १९३५ साली ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राण्यांवरच्या ग्रंथमालेत सरड्यांचा खंड लिहिला. त्यातही भोकांची मोजदाद आहेच.

हे मोजणं बिनकामाचं होतं असं अजिबात नाही. दिसायला सारख्या दोन पालींमधला फरक सांगायला ही भोकं फार उपयोगी पडतात. अगदी २००८ साली वरद गिरी आणि आरन बावर यांनी साताऱ्याजवळची एक पाल शास्त्राला नवी म्हणून जाहीर केली, तिच्या नावातच सातारा आहे. अशा कामात आजही भिंग घेऊन मांडीवरची भोकं मोजावीच लागतात. सातारकरांनी अभिमान बाळगायला हरकत नाही!

पण गंमत बघा. पत्रावरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरून पत्र कुठलं ते ओळखावं, हजारो पत्रांची शिक्क्यांनुसार गठ्ठ्यांत वाटणी करावी, आणि एकही पत्र उघडू नये, असा हा प्रकार चालला होता. बाटलीतल्या प्राण्याला वास उरत नाही. स्पिरिटचा येतो तेवढाच.

ही ग्रंथी नेमकी असते कशी, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तेव्हा एक वेगळीच गोष्ट दिसली. आपल्या घामाच्या ग्रंथी पाझरतात, पेशी जागच्या जागी राहतात. इथे तसं नाही. ग्रंथीच्या तळाशी नव्या पेशी तयार होतात, वर सरकत जातात, आत माल भरत जातो, आणि शेवटी पेशी स्वतःच मरून त्या मालाचा भाग होऊन जाते. भोकातून बाहेर डोकावतो तो या मेलेल्या पेशींचा पिवळट-करडा खुंट. प्राणी चालतो तेव्हा मांडी दगडाला, वाळूला घासते आणि खुंटाचा थोडा चुरा तिथे लागून राहतो. खडूने फळ्यावर रेघ उठावी तसं म्हणा ना.

हे असं का, याबद्दल जुन्या अभ्यासकांनी निरनिराळे तर्क केले. एक तर्क असा होता की मीलनाच्या वेळी मादीला घट्ट धरता यावं म्हणून हे खरखरीत खुंट असावेत. १९३० च्या दशकात युरोपात काही प्रयोग झाले. नराची वृषणं काढून टाकली की या ग्रंथी सुकतात, असं त्यांत दिसलं. म्हणजे ग्रंथींचा संबंध नरपणाशी आणि विणीच्या हंगामाशी आहे हे नक्की झालं. पण हंगामात त्यांचं काम काय? १९६६ साली चार्ल्स कोल यांनी तोवरच्या सगळ्या माहितीचा एक आढावा लिहिला. म्हणजे द्युमेरिल-बिब्रोंपासून धरलं तरी सव्वाशेहून जास्त वर्षं झाली होती, आणि अजून आढावाच चालू होता.

इथे थोडं बाजूला जाऊन दोन वेगळे धागे घ्यावे लागतील, त्यांच्याशिवाय पुढची गोष्ट जुळत नाही.

पहिला धागा जिभेचा. सरडे आणि साप जीभ लपलप का करतात? १८११ साली लुडविग याकबसन या डॅनिश डॉक्टरने प्राण्यांच्या नाकाजवळच्या एका छोट्याशा इंद्रियाचं नीट वर्णन केलं. त्याच्याच नावाने ते आज ओळखलं जातं. सापा-सरड्यांमध्ये हे इंद्रिय टाळूत उघडतं. जीभ बाहेर जाते, जमिनीवरचे किंवा हवेतले कण उचलते, आत येते, आणि ते कण या इंद्रियापर्यंत पोचतात. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातले जी. के. नोबल यांनी १९३६ साली कुम्फ यांच्यासोबत सरड्यांमधल्या या इंद्रियाच्या कामावर प्रयोग करून लिहिलं. नोबल यांचं वेगळेपण असं की त्यांनी जिवंत सरडे पाळले आणि ते काय करतात ते बघत बसले. बाटलीतून प्राणी बाहेर आला तो असा.

दुसरा धागा शब्दाचा. १९५९ साली पीटर कार्लसन आणि मार्टिन ल्यूशर यांनी 'फेरोमोन' हा शब्द घडवला. एका प्राण्याने शरीराबाहेर टाकायचं आणि त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याच्या वागण्यावर किंवा वाढीवर ज्याचा परिणाम व्हायचा, असं रसायन म्हणजे फेरोमोन. त्याच वर्षी आडॉल्फ बुटेनांट यांच्या प्रयोगशाळेने रेशमाच्या पतंगाच्या मादीचं असं रसायन पहिल्यांदा वेगळं करून दाखवलं. त्यासाठी सुमारे पाच लाख पतंग लागले, आणि हाती आलं ते काही मिलिग्रॅम. (पाच लाख पतंग! ते सोलत बसलेल्या मदतनिसांबद्दल कुणी लिहिलं असेल तर मला वाचायला आवडेल.)

शब्द मिळाला की माणसांना गोष्टी दिसायला लागतात. आपल्याकडे 'ऋण' हा शब्द आहे म्हणून ऋण दिसतं, तसंच हे. १९५९ नंतर प्राण्यांच्या अंगातली प्रत्येक ग्रंथी संशोधकांना नव्याने दिसू लागली.

पण पतंगाच्या नमुन्यानेच सरड्याच्या बाबतीत एक अडचणही उभी केली. पतंगाचं रसायन हवेत उडतं आणि वाऱ्यावरून दूर जातं. रात्रीच्या गार हवेत हे ठीक आहे. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात दुपारी काय होणार? तिथे राहतो डेझर्ट इग्वाना. फिकट राखाडी, वाळूच्या रंगाचा, पाठीवर तपकिरी जाळीची नक्षी, लांब शेपूट. स्पेन्सर बेअर्ड आणि शार्ल जिरार यांनी १८५२ साली याचं वर्णन केलं. केनेथ नॉरिस यांनी १९५३ साली या प्राण्याच्या जगण्यावर एक सविस्तर लेख लिहिला (हेच नॉरिस पुढे डॉल्फिनच्या संशोधनासाठी जगभर ओळखले गेले). आपल्या सांड्याचा हा कुणी सख्खा नव्हे, कुळ वेगळं, खंड वेगळा. पण जगणं बरंचसं तेच. शाकाहारी, बिळात राहणारा, आणि भर उन्हाचा प्राणी. इतर सरडे सावली गाठतात तेव्हा हा क्रिओसोटच्या झुडपांमधून फिरत असतो. अंगाचं तापमान चाळिशीच्या पुढे गेलं तरी याचं काम चालू.

अशा ठिकाणी वासाचा निरोप ठेवायचा म्हणजे तव्यावर अत्तर ठेवण्यासारखं. पटकन उडणारं रसायन असेल तर क्षणात संपलं. पण न उडणारं असेल तर दुसरी पंचाईत. तो वास दुरून येणारच नाही. जीभ लावली तरच कळणार. आणि एवढ्या उघड्या रखरखीत मैदानात नेमकी कुठे जीभ लावायची?

या कोड्याचं उत्तर अ‍ॅलिसन अल्बर्ट्स या संशोधिकेने १९८९ आणि १९९० मधल्या दोन शोधनिबंधांत दिलं. त्यांनी इग्वानाच्या मांडीतला स्राव तपासला. तो मुख्यतः प्रथिनांचा निघाला, सोबत थोडा स्निग्ध भाग. म्हणजे उडून जाणारा जवळजवळ नाहीच, उन्हात टिकणारा. आणि या स्रावाचा आणखी एक गुण सापडला: तो अतिनील किरण शोषून घेतो. अतिनील किरण आपल्याला दिसत नाहीत, आपल्या डोळ्यातलं भिंगच ते अडवतं. अल्बर्ट्स यांनी डेझर्ट इग्वानाला ते दिसतात का याची परीक्षा घेतली. दिसतात.

आता चित्र जुळवा. आपल्याला कोरी दिसणारी वाळू आणि दगड इग्वानाला कोरे दिसत नाहीत. जिथे दुसऱ्या इग्वानाने मांडी घासली आहे तिथे त्याला गडद डाग दिसत असणार. दुरून डाग बघायचा, जवळ जायचं, जीभ लावायची, मग मजकूर वाचायचा. पाकीट डोळ्यांनी दिसतं आणि पत्र जिभेने वाचलं जातं! १९९२ साली अल्बर्ट्स यांनी पुढचं एक पाऊल दाखवलं. स्वतःची खूण कोणती आणि परक्याची कोणती, हे इग्वानाला स्रावावरून ओळखता येतं. म्हणजे त्या चुऱ्यात नाव-पत्ता आहे.

मला या ठिकाणी वाचन थांबवून जरा बसावंसं वाटलं. दीडशे वर्षांची सगळी हुशार माणसं घ्या. कुणीही आळशी नव्हतं, कुणीही बेफिकीर नव्हतं. बूलांजे यांच्यासारख्या माणसाने तर उभा जन्म या प्राण्यांत घालवला. पण निरोप ज्या इंद्रियांसाठी लिहिला होता ती दोन्ही इंद्रियं माणसाकडे नाहीत. आपल्याला तो रंग दिसत नाही आणि आपल्या जिभेला ते काम येत नाही. जे आपल्यासाठी लिहिलेलंच नाही, ते लिखाण आहे असा संशय यायलासुद्धा आधी दुसऱ्याच्या जागी जाऊन बसावं लागतं. 'याला काय दिसत असेल?' हा प्रश्न साधा वाटतो. तो विचारायला एवढा वेळ लागतो, हे या इतिहासात मला सगळ्यात जास्त लागलं. सरड्यांचं जाऊ द्या, आपण एकमेकांच्या बाबतीत तरी हा प्रश्न कितीदा विचारतो?

असो. गोष्ट इथे संपत नाही.

मजकूर आहे म्हटल्यावर त्यातले शब्द कोणते, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडेही याची सुरुवात झाली होती. १९८६ साली एन. बी. चौहान यांनी आपल्या घरातली पाल आणि सांडा या दोघांच्या स्रावातल्या स्निग्ध पदार्थांवर एक प्राथमिक अहवाल भारतातल्याच एका शास्त्रीय नियतकालिकात छापला. जगभरचे या विषयावरचे आढावे आजही त्या अहवालाची नोंद घेतात. ज्या सांड्याला १८२७ साली नाव मिळालं, त्याच्या खुंटात काय आहे हे कुणीतरी दीडशेहून जास्त वर्षांनी बघितलं.

मग गॅस क्रोमॅटोग्राफीची यंत्रं सुधारली. मिश्रणातला एकेक पदार्थ सुटा करून ओळखता येऊ लागला, आणि पाच लाख प्राण्यांची गरज उरली नाही. मांडी हलकेच दाबून थोडासा खुंट घ्यायचा आणि प्राण्याला सोडून द्यायचं. इजिप्तच्या वाळवंटी भागातल्या एका चपळ सरड्यावर एराकी खन्नून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं. २०११ मध्ये त्यांनी दाखवलं की त्याच्या स्रावातलं कोलेस्टेरॉल आणि लांब साखळीची अल्कोहोलं यांनीच दुसरे नर बिचकतात किंवा चवताळतात. आपल्याकडे कोलेस्टेरॉल म्हटलं की लॅबचा रिपोर्ट आणि तुपावर बंदी आठवते. तिकडे तेच कोलेस्टेरॉल म्हणजे 'ही जागा माझी आहे' अशी पाटी. विचार केला तर निवड शहाणपणाची आहे. पदार्थ प्रत्येकाच्या शरीरात तयार असतो, उन्हात सहज उडत नाही, खडकाला चिकटून राहतो.

स्पेनमध्ये होसे मार्तिन आणि पिलार लोपेस यांनी डोंगरातल्या सरड्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या २००६ च्या प्रयोगात नरांना आहारातून 'ड' जीवनसत्त्व जास्त दिलं, तेव्हा त्यांच्या स्रावात त्याचं पूर्वरूप वाढलं आणि माद्यांना त्या नरांचा वास जास्त पसंत पडला. म्हणजे खुणेत नाव-पत्त्याबरोबर तब्येतीचा दाखलाही असतो. खोटा दाखला देणं परवडत नाही, कारण हे द्रव्य शरीरालाही हवं असतं. ज्याच्याकडे शिल्लक आहे तोच ते दगडावर उधळू शकतो. लग्नाच्या बाजारातली आपली बडेजावाची रीत आठवली ना? मलाही आठवली.

हीच मंडळी मग कतारला गेली. तिथल्या संशोधकांबरोबर त्यांनी सांड्याच्या अरबी भावंडाचा, म्हणजे ज्याला अरब 'ढब' म्हणतात त्याचा, अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. नर आणि मादी दोघांचेही स्राव तपासले. प्रश्न असा घेतला होता की हे स्राव कोरड्या वाळवंटाला जुळवून घेतलेले आहेत का. म्हणजे १८३४ मधला 'भोकं आहेत की नाहीत' हा प्रश्न इथपर्यंत येऊन पोचला.

आणि आता या गोष्टीतला मला टोचणारा भाग.

सांडा आपल्या महाराष्ट्रात राहत नाही. पण मुंबईत वाढलेल्या माझ्या वयाच्या कुणालाही तो माहीत असतो. स्टेशनबाहेर फूटपाथवर चादर टाकून बसलेला माणूस, समोर स्टोव्ह, तव्यावर काहीतरी तडतडतंय, आणि बाजूला चार-पाच काटेरी शेपटीचे सरडे निपचित पडलेले. भोवती पुरुषांचं कडं. आई हात धरून भराभर पुढे न्यायची आणि काही विचारलं तर उत्तर द्यायची नाही. सांड्याचं तेल! सांधेदुखीपासून ते ज्याच्याबद्दल आई उत्तर द्यायची नाही त्या सगळ्यापर्यंत रामबाण. ते सरडे निपचित का असायचे, हे मला फार नंतर कळलं. पळून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या पाठीचा कणा मोडलेला असतो. जिवंतच असतात ते. तेल निघतं शेपटीतल्या आणि पोटातल्या चरबीतून. त्यात इतर कुठल्याही चरबीत असतात तशीच मेदाम्लं असतात, चमत्कार काही नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सांड्याला संरक्षण आहे, आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंधनं आहेत. तरी चोरटी शिकार चालते, आणि जागतिक यादीत सांड्याची नोंद धोक्यातल्या प्राण्यांमध्ये झाली आहे.

म्हणजे बघा, एकाच प्राण्याच्या अंगात दोन स्निग्ध गोष्टी. एक शेपटीतली चरबी, जिच्यात सांगण्यासारखं काही नाही, तिच्यासाठी त्याचा कणा मोडतात. दुसरी मांडीतला तो चिमूटभर खुंट, ज्यात त्याचं सगळं नाव-गाव लिहिलेलं आहे, तो आपण अजून पुरता वाचलेला नाही. चादरीवरच्या त्या सरड्यांच्या मांड्यांतही तो असणारच. ज्याला तो वाचता आला असता असा दुसरा सांडा शेकडो मैल दूर.

शेवटची एक गोष्ट. मार्तिन आणि लोपेस यांनी २०१३ मध्ये आणखी एक काम प्रसिद्ध केलं. डोंगरातल्या सरड्यांच्या खुणा नेहमीपेक्षा जास्त तापमानात ठेवल्या तर काय होतं, ते त्यांनी बघितलं. त्या खुणांचा प्रभाव कमी झाला. सरडा ठीक, ग्रंथी ठीक, खूणही केलेली, पण वाचणारा पोचेपर्यंत मजकूर फिका. हवामान बदलाबद्दल आपण पूर, दुष्काळ, आंब्याचा मोहोर हे सगळं बोलतो. कुणाचे तरी निरोप पुसले जात असतील, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. वाळवंटातले सरडे या बाबतीत डोंगरातल्यांच्या पुढे आहेत. उन्हात टिकणारी शाई त्यांनी कधीचीच शोधून ठेवली आहे. पण ती शाई जुन्या उन्हाच्या मापाची आहे. नव्या उन्हात ती किती टिकते, हे तिथे जाऊन, जिवंत प्राण्यांजवळ बसूनच बघावं लागेल. आणि त्यासाठी आधी ते प्राणी तिथे असायला हवेत.

कुठे सांड्याच्या तेलाची बाटली दिसली तर घेऊ नका, आणि घेणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याला दोन शब्द सांगा. माझ्याकडून या गोष्टीचं तात्पर्य एवढंच आहे.